खडूच्या डब्यात गांडुळं

फाल्गुन लागला की कुडतरीच्या तळ्याचं
पाणी उतरू लागतं.
मानशीच्या फळ्या एकेक करून काढतात,
वायंगण पिऊन घेतं,
आणि काठाशी उघडी पडते
चिखलाची एक पट्टी,
अजून न भेगाळलेली.
तिच्यावर दोन बुटकी स्टुलं:
एक रुझारचं, एक माझं.

माझं पहिलीच्या वर्गातलं.
शाळा जूनमध्येच बंद झाली.
शेवटी चार मुलं उरली होती,
त्यातली दोन सख्खी भावंडं.
खात्याने कपाट नेलं, घंटा नेली,
भिंतीवरचा नकाशाही नेला गुंडाळून.
हे स्टूल त्यांच्या यादीत नव्हतं.
आणि हा खडूचा डबा.
त्यात आता केळीच्या बुंध्याखालची ओली माती
आणि गांडुळं.
बोटांना अजून पांढरं लागतं कधीकधी.

रुझार तेहतीस वर्षं बोटीवर होता,
खाली, इंजिनाच्या खोलीत.
समुद्र मी फारसा पाहिलाच नाही, म्हणतो,
नुसता ऐकला.
आता बाटलीच्या एका बुचाकडे
तासन्‌तास बघतो,
कोंबडीचं पीस खोचलेलं बूच,
घोटाभर पाण्यावर.

ओगी राव, टीचर.

हेच मी एकोणतीस वर्षं सांगत आले, फळ्यावर डस्टर आपटून.
कुणी ऐकलं नाही,
आत्ता मी ऐकते तसं.

साडेसहा.
इगर्ज पाण्यात उलटी उभी, पांढरी,
आणि एक अडई तिच्या घंटेवरून
पोहत जाते.
काजूच्या मोहराचा तुरटगोड वास.
वाड्यापलीकडे कुणीतरी शिगम्याचा ढोल
तापवून बघतंय, एकच थाप, मग बराच वेळ काही नाही.

बूच हलतं. नाही.
हलतं.
बुडत नाही, आडवं चालू लागतं,
मागच्या बाकावरचं पोर
हळूच दाराकडे सरकावं तसं.
पिठ्ठोळ, रुझार न बघताच सांगतो,
चोरून खातो तो. ओढू नको.
मी ओढते.
नुसता गळ. घासल्यासारखा स्वच्छ.

सोमवारी धरलेलं सगळं रुझारचं,
असा आमचा करार.
माझ्या घरी सोमवारी मासळीचा तवा चढत नाही,
आणि त्याला कोरेज्मातसुद्धा मासा चालतो.
बुधवारचं माझं.
बुधवारी फारसं काही लागत नाही, का ते देव जाणे.

आठच्या सुमाराला, दगडाजवळ,
बूच एकदम नाहीसं होतं.
काठी वाकते. मी उभी राहते, स्टूल आडवं पडतं,
आणि वर येते काळुंदर,
तळहाताएवढी,
काळसर हिरव्या अंगावर पांढरे ठिपके,
फळ्यावर कुणी नुसताच
खडू टेकवत गेल्यासारखे.

मी हसते. बघ, बघ, म्हणते.
रुझार माशाकडे बघत नाही.
तो दगडाकडे बघतो.
तिथे बशीएवढा खळगा, तळ साफ केलेला,
आणि त्याच्यावर दुसरी काळुंदर
गोल गोल,
गोल गोल.

दोघं राखण करतात, तो म्हणतो.
एक गेलं की बाकीचे येतात खायला.

पुढे काही बोलत नाही.
त्याचा मुलगा स्विंडनला आहे,
जन्मला तेव्हा हा होनोलुलूच्या अलीकडे कुठेतरी
पंप दुरुस्त करत होता.
हे मला त्याने नाही सांगितलं,
त्याच्या बायकोने सांगितलं, फार पूर्वी,
शाळेच्या पायरीवर,
छत्री विसरली होती तेव्हा.

सोमवार आहे. मासा त्याचा.
तो गळ सोडवतो, अंगठ्याने, सावकाश.
हातात धरून ठेवतो.
रेशादाची चव डोळ्यांत येते त्याच्या,
मला दिसते स्पष्ट.
तव्यावर बरी झाली असती, म्हणतो,
आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घालतो.

क्षणभर ती हलतच नाही.
मग नसते.

मी गुडघ्यांवर बसते, चिखलात, साडीसकट.
आता खळग्यावर दोन सावल्या,
आणि त्यांच्यामध्ये बारीक काहीतरी,
धूळ म्हणावी इतकं,
पण धूळ एकदम वळत नाही.
मी मोजू लागते. सवय.
चाळीसपर्यंत जमतं, मग चुकतं,
फार हलतात,
पुन्हा पहिल्यापासून.

रुझार डब्यासाठी हात पुढे करतो.
एक गांडूळ दे गो.